खाडी सांभाळायची तर स्वच्छता मोहिमेच्या पुढे काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नदी समुद्राला मिळते त्या मुखाजवळ राहणाऱ्यांनी एक गट केला. दर महिन्याला ते किनारा साफ करतात, दोन वेळा कांदळवनाची रोपंही लावली. सुरुवातीला माणसं भरपूर यायची, आता ठरावीक चेहरेच उरलेत आणि पाण्यात काही फरक दिसत नाही. मग लोकांचा सहभाग वाढवायचा कसा, खाडीची काळजी म्हणजे लोकांनी नेमकं करायचं काय, आणि संस्था नोंदवावी की नाही?

माणसं गळाली ती कंटाळून, आणि त्यांचा कंटाळा रास्त आहे. आपण साफ केलेल्या काठावर पंधरा दिवसांत भरती पुन्हा तेवढाच कचरा आणून टाकते, हे ती डोळ्यांनी बघतात. आणि त्यांना आजवर राबायला बोलावलं गेलं, ठरवायला नाही. बरीच वर्षं या कामात घालवल्यावर माझं मत पक्कं झालंय: खाडीच्या बाबतीत लोकांचं सर्वांत मोठं बळ म्हणजे ते रोज तिथे असतात. सरकारी खात्याचा माणूस अधूनमधून येतो, बाटली भरतो, जातो. अभ्यासकांचा प्रकल्प दोन-तीन वर्षांत संपतो. जन्मभर त्या पाण्यात पाय असतो तो काठावरच्या माणसाचा. त्याला जे दिसतं त्याची नोंद व्हायला हवी, त्या नोंदीच्या जोरावर निर्णय मागता यायला हवेत, आणि आपल्या स्वतःच्या वापरावर त्याने स्वतः नियम घालून घ्यायला हवा. हे जमलं तर माणसं टिकतात. बाकी श्रमदान वगैरे याच्या मागून येतं.

सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर हे अमेरिकेतलं एक मोठं नदीमुख. १९६१ च्या सुमारास काठावरच्या बर्कली शहराचा बेत होता की भराव टाकून सुमारे २,००० एकर पाणी बुजवायचं.  के कर, सिल्व्हिया मॅकलॉफ्लिन आणि एस्थर ग्युलिक या तिघींनी त्याविरुद्ध लोक गोळा केले. सभासदत्वाची वर्गणी ठेवली एक डॉलर. मागणी एकच होती, भराव थांबवा. १९६५ मध्ये भरावाच्या परवानग्या तपासणारा स्वतंत्र आयोग कायद्याने स्थापन झाला आणि १९६९ मध्ये तो कायमचा झाला. या तिघी काही किनारा झाडत बसल्या नाहीत. पाणी कुणाचं आणि त्याचं काय करायचं ते कोण ठरवणार, या प्रश्नाला त्यांनी हात घातला. तुमच्या गटाने पहिल्या बैठकीत विचारायला हवा होता तो हाच प्रश्न. अजून वेळ गेलेली नाही.

तर सुरुवात कुठून करायची? खाडी पायाखालून घालण्यापासून. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला एकदा आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमीत कमी चढतं-उतरतं तेव्हा, एकदा, पूर्ण ओहोटीच्या वेळी दोन्ही काठांनी चाला. बरोबर मासेमारी करणारी, शिंपल्या-कालवं काढणारी माणसं हवीतच. उधाणाच्या ओहोटीला पाणी सगळ्यात खाली जातं, तेव्हा एरवी बुडालेली गटारांची तोंडं उघडी पडतात, बांधातल्या मोऱ्या दिसतात, चिखलाचे चर कुठे बुजलेत ते कळतं. कागदावर साधा नकाशा काढा. कुठलं पाणी कुठून येतं, मासळीची पिल्लं कुठे सापडतात, पूर्वी नाव कुठपर्यंत जायची आणि आता कुठे अडते, हे सगळं त्यावर मांडा. दोन म्हाताऱ्या माणसांचं एकमत होत नसेल तर दोघांचंही लिहा, तारखेसकट. या एका फेरीत जे हाती लागतं ते महागड्या अहवालांतही क्वचित असतं.

त्यानंतर मोजायला लागा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक गट इथे घाईने काम उरकतात आणि मग त्यांच्या आकड्यांना कुणी विचारत नाही.

खाडीचं पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. दर रविवारी सकाळी आठला नमुना घेतला तर एका रविवारी समुद्राचं पाणी मोजलं जातं आणि दुसऱ्या रविवारी नदीचं. त्या दोन आकड्यांची तुलना करून प्रदूषण वाढलं की घटलं ते सांगताच येत नाही. म्हणून घड्याळापेक्षा तिथी धरा. एकाच तिथीला भरती जवळपास त्याच वेळी येते. आणि प्रत्येक नोंदीपुढे ओहोटी लागून किती वेळ झाला ते लिहा. वहीतला हा एक रकाना नसेल तर बाकीचे सगळे रकाने वाया.

साहित्य थोडकंच लागतं. पाणी किती गढूळ आहे ते बघायची, दोरीला खुणा केलेली काळी-पांढरी तबकडी, खारेपणा बघायचा रिफ्रॅक्टोमीटर, थर्मामीटर, ऑक्सिजन तपासायचा संच. अशी तबकडी अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात वापरली. त्याची तबकडी नुसती पांढरी होती, काळे भाग नंतर आले, पण पद्धत आजही जगभर तीच आहे. नावेच्या सावलीच्या बाजूने ती सोडायची. दिसेनाशी होते ती खोली धरायची, हळूहळू वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली धरायची आणि दोन्हींची सरासरी लिहायची. शाळेतली मुलं हे उत्तम करतात. ठरवून एकाच मुलाकडे ठेवलं तर आणखी चांगलं, कारण डोळा बदलला की आकडा थोडा बदलतो.

ऑक्सिजनचं काम जास्त जिकिरीचं आहे, पण खाडीची खरी तब्येत तिथेच कळते. २५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. म्हणजे खाऱ्या, कोमट पाण्याकडे शिल्लक मुळातच कमी. ५ च्या वर असेल तर बहुतेक मासळीचं ठीक चालतं. २ च्या खाली गेला की हलू शकणारे जीव पळतात आणि चिखलात बसलेले गुदमरतात. दिवसा पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन वापरतं, त्यामुळे सर्वांत वाईट आकडा पहाटे, सूर्य उगवायच्या आधी मिळतो. दुपारी घेतलेला नमुना खाडी सुखी असल्याचा खोटा दाखला देतो. आणि नमुना फक्त वरचा घ्यायचा नाही. खारं पाणी जड, ते तळाला सरकतं. गोडं पाणी त्याच्या डोक्यावर वाहतं. दोन्ही नीट मिसळत नसतील तर तळाला हवा पोचत नाही, आणि ऑक्सिजन आधी तिथेच संपतो. जड वजन बांधलेली बाटली, तिच्या बुचाला वेगळी दोरी, तळाशी गेल्यावर बुचाची दोरी ओढायची, एवढ्यावर तळाचं पाणी मिळतं. मात्र आत शिरताना पाणी खळखळतं आणि हवा मिसळते, म्हणून या बाटलीवर खारेपणाच मोजा. ऑक्सिजनसाठी दोन्ही टोकांनी झाकण मिटणारी नमुनानळी घ्या किंवा लांब वायरचा मीटर तळाला सोडा.

विंकलरच्या पद्धतीचा, म्हणजे द्रावणं घालून ऑक्सिजन मोजायचा, संच वापरत असाल तर नमुनानळीतलं पाणी रबरी नळीने काचेच्या बाटलीत तळापासून भरा, थोडं ओसंडू द्या, आणि एकही बुडबुडा न ठेवता बूच बसवा. मग तिथेच, नावेतच, दोन द्रावणं घालायची. बाटलीत तपकिरी साका धरला तर ऑक्सिजन आहे, आणि जितका गडद तितका जास्त. साका पांढराच राहिला तर त्या पाण्यात ऑक्सिजन नाही. पहाटेच्या उजेडात तळाच्या पाण्याची पांढरी बाटली आणि वरच्या पाण्याची तपकिरी बाटली शेजारी शेजारी धरून दाखवली की मच्छीमारांना पुढचं भाषण द्यावं लागत नाही. तळाला सोडलेलं जाळं रिकामं का येतं ते समोर दिसतं. ही द्रावणं त्वचेला जाळतात, हातमोजे घाला, आणि उरलेलं पाण्यात ओतू नका.

आणखी एक मोजमाप मी प्रत्येक गटाला आग्रहाने सांगतो: खारं पाणी नदीत किती वरपर्यंत चढतं? खाडी फक्त घाणीने आजारी पडत नाही. वर धरणं झाली, उपसा वाढला, की मुखाशी येणारं गोडं पाणी कमी होतं आणि खारेपणा आत सरकतो. विहिरी मचूळ होतात, शेतात मीठ येतं, गोड्या-खाऱ्या सीमेवर अंडी घालणारी मासळी जागा सोडते. सॅन फ्रान्सिस्कोच्या नदीमुखात १९९५ पासून हेच अंतर नियमात धरलं जातं. तळाच्या पाण्यात हजारी दोन भाग खारेपणा असलेली जागा समुद्राच्या तोंडापासून किती किलोमीटरवर आहे ते बघतात, आणि त्यावर वरून किती पाणी सोडायचं ते ठरतं. तुमच्या नदीत ती जागा कुठे आहे हे एका होडीत, एका भरतीत शोधता येतं. भर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असं दोनदा शोधून ठेवा. पाच वर्षांनी त्या वहीची किंमत कळेल.

आता वरच्या अंगाच्या लोकांबद्दल, कारण खाडीचं दुखणं बहुतेक वेळा वरून येतं.

अमेरिकेतल्या मेरिलँडमधली पॅटक्सेंट नदी चेसापीक उपसागराला मिळते. मुखाजवळच्या ग्रामीण भागातले लोक १९७० च्या दशकात बघत होते की पाणी गढूळ होतंय, पाण्यातलं गवत मरतंय, खेकडे कमी होताहेत. वरच्या अंगाला वस्ती झपाट्याने वाढत होती आणि तिचं सांडपाणी नदीत येत होतं. मुखाकडच्या तीन परगण्यांनी थेट राज्याला आणि संघराज्याच्या पर्यावरण यंत्रणेला कोर्टात खेचलं. या लढ्यात बर्नी फाउलर हे स्थानिक लोकप्रतिनिधी पुढे होते. लहानपणी छातीभर पाण्यात उभं राहून आपले पाय दिसायचे, हे त्यांना आठवत होतं. १९८८ पासून ते दर वर्षी जून महिन्यात पांढरे बूट घालून लोकांचा हात धरून पाण्यात उतरायचे. बूट दिसेनासे झाले की थांबायचं, आणि ती खोली पट्टीने मोजून जाहीर करायची. त्या मोजमापाचं शास्त्र सेकीच्या तबकडीपेक्षा कच्चं आहे, पण दर वर्षी एकाच जागी, सगळ्यांसमोर मोजलेला तो आकडा वर्तमानपत्रात छापून यायचा आणि आमदार-अधिकारी त्याच पाण्यात शेजारी उभे असायचे. आधी कोर्ट, मग वरच्या-खालच्या लोकांनी एकत्र बसून घातलेलं सांडपाण्याचं बंधन, आणि त्यानंतर दर वर्षीची उघड तपासणी, असा तो क्रम आहे. सोहळ्याची नक्कल पुष्कळ ठिकाणी झाली, त्याआधीच्या भांडणाची फारशी झाली नाही.

तुमच्या खाडीसाठी याचा अर्थ असा की गटात वरच्या गावांतली निदान दोन माणसं हवीत. त्यांना जाब विचारायला बोलावू नका. एका ओहोटीला खाली आणून चिखलात उतरवा, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही त्यांच्याकडे जा. त्यांच्या नाल्यात सोडलेलं पाणी खाली कुठे साठतं हे बघितलेला माणूस ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत वेगळं बोलतो. शेतातून वाहून येणारं खत, गटाराचं पाणी, वाळूउपसा, या तिन्ही गोष्टींवर तोडगा तिकडेच निघतो.

कचरा उचलू नका असं मी म्हणत नाही. उचलायच्या आधी मोजा, एवढंच सांगतोय. लंडनमध्ये थेम्सच्या काठी हॅमरस्मिथ पुलाजवळ ‘थेम्स२१’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी ठरावीक आकाराचे चौकोन आखून त्यातला कचरा वर्षानुवर्षं मोजला. तिथे शौचालयातून वाहून आलेल्या ओल्या वाइप्सचा आणि गाळाचा मिळून एक उंचवटाच तयार झाला होता, नदीचा काठ बदलून टाकणारा. पोती किती भरली हे सांगून त्यांना काहीच मिळालं नसतं. चौकोनात कुठली वस्तू किती, हे सांगता आलं म्हणून त्या नोंदी प्लास्टिकच्या वाइप्सवर बंदी मागताना ब्रिटिश संसदेपर्यंत गेल्या. तुम्हीही एक मीटर बाय एक मीटरचे दहा चौकोन कायमचे ठरवून टाका, उधाणाच्या रेषेवर. प्रत्येक वेळी तेच. पिशव्या, दोरखंड, औषधाची पाकिटं, चपला, जाळ्यांचे तुकडे वेगवेगळे मोजा. जाळ्यांचे तुकडे जास्त निघाले तर तो प्रश्न आपल्याच मच्छीमारांनी सोडवायचा आहे. एखाद्याच कारखान्याची वेष्टणं निघाली तर पत्र कुणाला लिहायचं ते कळतं.

कांदळवन लावण्याबद्दल मात्र मी स्पष्टच सांगतो, थांबा. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत हजार-बाराशे हेक्टरवर कांदळवन लावलं गेलं. काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिलं तर जेमतेम दोनशे हेक्टर जगलं होतं. फिलिपिन्सचा अनुभवही असाच आहे. कारण बहुतेक ठिकाणी एकच: चुकीच्या जागी लावणं. कांदळवनाची झाडं सरासरी समुद्रपातळीच्या वरच्या पट्ट्यात वाढतात, जिथे त्यांची मुळं दिवसातला बराच वेळ उघडी राहतात. त्याच्या खालचा उघडा चिखल बघून माणसाला वाटतं की जागा रिकामी आहे. ती रिकामी नसते. शिंपल्या, किडे, निवट्या, परदेशातून येणारे चिखलपक्षी या सगळ्यांचं अन्न तिथे असतं, आणि तुमच्याच गावातल्या बायकांची रोजची मिळकतही. तिथे रोपं लावली तर रोपं मरतात, किंवा फारच वाईट म्हणजे जगतात आणि तो चिखल संपतो.

जिथे पूर्वी कांदळवन होतं आणि आता नाही, तिथे आधी विचारा की ते गेलं कशाने? बहुतेकदा एखादा बांध किंवा रस्ता पाण्याची ये-जा अडवून बसलेला असतो. मोरी मोकळी करा, चर खोल करा, भरतीचं पाणी पुन्हा आत येऊ द्या. जवळपास जुनी झाडं असतील तर बी पाण्याबरोबर आपोआप येतं आणि आपली जागा स्वतः निवडतं. हे काम छायाचित्रात छान दिसत नाही, उद्घाटनाला पाहुणा बोलावता येत नाही. पण फावडं घेऊन पाचपन्नास माणसांनी दोन दिवसांत खोलून दिलेल्या चरामुळे आत आलेली हिरवळ मी पाहिली आहे, आणि तिथे कुणी एक रोप लावलं नव्हतं.

आता सर्वांत नाजूक विषय. खाडीतून आपण स्वतः काय काढतो?

केरळमधल्या अष्टमुडी कायलात, म्हणजे समुद्राला जोडलेल्या खाऱ्या जलाशयात, शिंपल्यांची निर्यात १९८० च्या दशकात सुरू झाली. भाव मिळू लागला, उपसा वाढला, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन निम्म्यावर आलं. त्यावर जे ठरलं ते अगदी साधं आहे. शिंपल्यांच्या प्रजननाचा डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बंद. जाळीचं भोक किमान ३० मिलिमीटर, म्हणजे लहान शिंपली गळून पुन्हा चिखलात पडेल. आणि फार बारीक मालाची खरेदी-विक्री नाही. शास्त्रज्ञांनी हे सुचवलं, सरकारने मान्यता दिली, पण पाळलं ते शिंपल्या काढणाऱ्यांनी. २०१४ मध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या, साठा टिकवून केलेली मासेमारी तपासणाऱ्या, आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं.

हे नियम चालण्यामागचं कारण बघा. बंद महिना कुणालाही समजतो, त्यासाठी मोजपट्टी लागत नाही. जाळीचं भोक हाताला कळतं. नियम मोडला तर शेजारच्या होडीला दिसतं. लोक सामाईक साधनं कशी सांभाळतात, या ज्या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्याचा निष्कर्ष यापेक्षा वेगळा नाही: हद्द ठरलेली, नियम वापरणाऱ्यांनी बनवलेले, लक्षही त्यांच्यातलेच ठेवणार, पहिल्या चुकीला हलकी शिक्षा आणि पुढे वाढत जाणारी. तुमच्याकडे एक छोटा नियम असा शोधा जो मच्छीमारांना आजच पटतो. सगळी खाडी बंद करायला जाऊ नका. एखादा चर, जिथे पिल्लं वाढतात, तो दोन महिने. बंद काळात ज्यांचं घर त्याच चरावर चालतं त्यांचं काय, हे त्याच बैठकीत ठरलं पाहिजे. ते न ठरवता केलेली बंदी गरीब माणसाच्या पोटावर येते आणि रात्री मोडली जाते. मला त्या मोडणाऱ्याचा राग येत नाही.

याच संदर्भात बैठकीची वेळ. चिखलात शिंपल्या-कालवं काढणाऱ्या बहुतेक बायका असतात, आणि त्यांचं काम ओहोटीवर चालतं. तुम्ही रविवारी सकाळी दहाला बैठक ठेवलीत आणि तेव्हा सुकती असली, तर खाडीचं सर्वांत बारीक ज्ञान असलेली माणसं बैठकीत नसणारच. भरती असताना बैठक ठेवा, त्यांच्या वस्तीत ठेवा, आणि पहिलं त्यांना बोलू द्या. एवढ्या एका बदलाने गटाचा चेहरा पालटलेला मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. कुठल्या शिंपल्यांना वास येतो, कुठल्या महिन्यात पायाला खाज सुटते, चिखल कुठे काळा पडलाय, हे त्यांना प्रयोगशाळेच्या आधी कळतं.

मर्यादाही सांगायला हव्यात. शहराचं सांडपाणी लोक वहीने थांबवू शकत नाहीत. फ्लोरिडातल्या टँपा उपसागराची अवस्था १९७० च्या दशकात इतकी वाईट होती की काठावर सडणाऱ्या शेवाळाचा वास यायचा. लोकांच्या तक्रारींचा रेटा होता, पण पाणी सुधारलं ते १९७२ च्या कायद्याने सांडपाण्यावरची प्रगत प्रक्रिया सक्तीची केली आणि मोठी प्रक्रिया केंद्रं उभी राहिली तेव्हा. समुद्री गवत १९५० च्या दशकाइतकं, म्हणजे ३८,००० एकर व्हावं, हे उद्दिष्ट ठेवलं होतं. २०१४ च्या पाहणीत ते ओलांडलं गेलं. २०१६ नंतर गवत पुन्हा घटत गेलं. म्हणजे एकदा जिंकलेली खाडीही पाहत राहावी लागते. तुमच्या गटाचं काम प्रक्रिया केंद्र बांधणं नाही. ते बांधून घेणं, आणि बांधल्यावर ते रात्रीही चालतं का हे बघणं, हे तुमचं काम. माझ्या माहितीतल्या एका गावाजवळ केंद्र नवं कोरं होतं आणि ऑक्सिजनचा पहाटेचा आकडा मात्र सुधारत नव्हता. लोकांच्या वहीमुळेच विचारणा झाली, आणि पंप रात्री बंद ठेवला जात होता हे उघड झालं.

मासे मरून तरंगले तर काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवा, कारण त्या सकाळी सगळेच धावपळ करतात आणि पुरावा ओहोटीबरोबर वाहून जातो. पहिल्या तासात ऑक्सिजन, तापमान, खारेपणा, वरचा आणि तळाचा. भरतीची अवस्था. कुठल्या जातीचे मासे, किती मोठे, मेलेले की पृष्ठभागावर तोंड वासून हवा घेणारे. खेकडे काठावर चढून आलेत का? सगळ्या जाती एकदम गेल्या की एकच? ताजा मासा बर्फात, पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ, तीही बर्फात, वर वेळ आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. छायाचित्रात ओळखीची खूण दिसली पाहिजे, एखादा पूल, एखादा धक्का. आणि मेलेली मासळी कुणी खाणार नाही, विकणार नाही, हे गावात लगेच सांगायचं. कुणी केलं हे त्या दिवशी जाहीर करू नका, तपासणीचा निकाल येऊ द्या.

राहिला नोंदणीचा प्रश्न. पहिलं वर्ष नोंदणीशिवाय काढा. पैसा येऊ लागला, कोर्टात जायची वेळ आली, किंवा एखाद्या सरकारी समितीवर जागा मागायची झाली, की नोंदवा. घटनेत दोन गोष्टी लिहून घ्या. कार्यकारिणीतली निम्मी माणसं खाडीवर पोट असणारी असतील आणि त्यांत बायका असतील. आणि हिशेबाच्या वहीइतकीच पाण्याच्या नोंदींची वही कुणालाही, विरोधकालाही, मागितल्याबरोबर बघायला मिळेल. त्या वहीच्या प्रती तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, एक शाळेत, एक मच्छीमारांच्या सोसायटीत, आणि एक वरच्या अंगाच्या गावात.